नाकारलेल्या गाण्याची मिरवणूक

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची अखेर स्पेनमधील सेव्हिल शहरात मिरवणुकांनी होते. मखराखाली दडलेले भारवाहक मानेवर ओझे घेऊन ख्रिस्ताची लाकडी मूर्ती गल्लीबोळांतून नेतात. मध्येच एखाद्या सज्जातून कुणी गाऊ लागते. मखर थांबते, वाद्ये मुकी होतात, आणि एकटा गळा थेट मूर्तीशी बोलू लागतो. या गाण्याला 'साएता', म्हणजे बाण, असे म्हणतात. देवळातल्या गायनशाळेत ते घडलेले नाही. लोहारांच्या भट्टीशी आणि जिप्सींच्या वस्तीशी नाते सांगणाऱ्या फ्लामेंकोचे सूर त्यात भिनले आहेत.

कवी अंतोनियो माचादो १८७५ मध्ये याच शहरात जन्मला. वडील लोकगीतांचे संग्राहक. त्यांचा फ्लामेंको गीतांचा संग्रह १८८१ चा. पण मुलाने 'ला साएता' ही कविता लिहिली ती तक्रारीची. क्रुसावरच्या रक्तबंबाळ ख्रिस्तापाशी माझे लोक सदा आळवीत बसतात. मला गायचे आहे ते समुद्रावरून चालणाऱ्या ख्रिस्ताचे, असा तिचा भाव. आपल्याकडच्या सगुण-निर्गुणाच्या वादाहून हे निराळे. इथे दोन्ही रूपे सगुणच!

यादवी युद्धात माचादो प्रजासत्ताकाच्या बाजूचा. चर्चचा मोठा भाग फ्रँकोच्या पाठीशी होता. १९३९ च्या फेब्रुवारीत, देशत्यागानंतर थोड्याच दिवसांत, तो फ्रान्समधील कोलियूर गावी वारला.

तीस वर्षांनी, १९६९ मध्ये, बार्सिलोनाच्या जोआन मानुएल सेर्रात या लोकप्रिय गायकाने माचादोच्या कवितांची तबकडी काढली. तीत 'ला साएता' होती. फ्रँकोची राजवट अजून चालूच होती, तरी तबकडी घरोघर गेली. आणि पुढे नवल घडले: मिरवणुकीतल्या वाद्यपथकांनीच ती चाल उचलली! ज्या मूर्तीपुढे गाण्यास कवीने नकार दिला, तिच्याच मागे आता बिगुल आणि ताशे त्याचे गाणे वाजवतात, शब्दांवाचून.

हा कवीचा पराभव म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. उपवासकाळाची वाट क्रुसाशी संपत नाही, ती पुनरुत्थानापर्यंत जाते, ही कॅथलिकांचीच श्रद्धा. माचादोने तिचाच तगादा लावला होता. शिवाय नाकारण्यापुरते का होईना, त्याने आपल्या लोकांचे आर्जव फार जवळून ऐकले होते. शब्द गाळले तरी ते ठाऊक असलेले पुष्कळजण गर्दीत असतातच. त्या चालीच्या ठेक्यावर भारवाहक पावले टाकतात, आणि वर लाकडी ख्रिस्त चालू लागल्यासारखा दिसतो.