ठेक्यागणिक मंदावणारे दिवे : कारण आणि उपाय

मोटारीत शक्तिशाली ॲम्प्लिफायर व सबवूफर बसविल्यानंतर अनेक वाहनमालकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. रात्री गाण्याचा आवाज वाढविला, की ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हेडलाइटचा प्रकाश क्षणभर मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. काही हौशी मंडळींना यात ध्वनियंत्रणेच्या ताकदीचे प्रमाणपत्र दिसते. वस्तुतः, आपली क्षमता संपत आल्याची ही मोटारीच्या विद्युतयंत्रणेने दिलेली सूचना असते. दिवे नसलेल्या घाटरस्त्यावर समोरचा पादचारी वेळेत दिसणे या प्रकाशावर अवलंबून असल्याने, या सूचनेकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

प्रकाश कमी का होतो?

इंजिन सुरू असताना मोटारीला लागणारी वीज मुख्यतः अल्टरनेटर पुरवितो. गॅरेजमध्ये यालाच 'डायनॅमो' म्हणण्याची पद्धत आहे. या वेळी यंत्रणेचा दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. ॲम्प्लिफायरने अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर वीज मागितली, की उरलेली वीज बॅटरी पुरवू लागते आणि साऱ्या यंत्रणेचा दाब बॅटरीच्या पातळीकडे घसरतो.

हॅलोजन बल्ब या घसरणीबाबत अतिशय संवेदनशील असतो. दाब १४ व्होल्टवरून १२.५ व्होल्टवर आला, तर ही घट जेमतेम ११ टक्के भरते. प्रकाश मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. एलईडी दिव्यांमध्ये विद्युतप्रवाह स्थिर राखणारे सर्किट असल्याने त्यांत हा फरक सहसा जाणवत नाही. याचा अर्थ दोष नाहीसा झाला असा नव्हे; तो केवळ दृष्टिआड होतो.

विजेचा हिशेब

खोक्यावर छापलेला '१००० वॅट' हा आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. खरा अंदाज ॲम्प्लिफायरच्या फ्यूजवरून बांधता येतो. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर तो ६० अँपिअरपर्यंत, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ८२८ वॅट वीज घेऊ शकतो. 'एबी' वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास त्यातून सुमारे ४५५ वॅट ध्वनी मिळतो. उरलेल्या विजेची उष्णता होते. 'डी' वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास असल्याने तेवढ्याच आवाजाला तो बराच कमी प्रवाह घेतो.

हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब आणि मागचे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. वातानुकूलन, रेडिएटरचा पंखा, इंधन पंप आणि इंजिनाचे नियंत्रण यांची भर त्यात पडते. अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता मात्र तो वेगाने फिरत असतानाची असते. सिग्नलवर इंजिन मंद गतीने चालू असताना त्यातून बरीच कमी वीज मिळते. म्हणूनच दिवे मंदावण्याचा प्रकार महामार्गापेक्षा सिग्नलवर अधिक ठळकपणे दिसतो.

आधी मोजमाप, मग खर्च

साध्या डिजिटल मल्टिमीटरने दोष कोठे आहे हे बऱ्याच अंशी कळते. संगीतातील क्षणिक ठोके मीटरला नीट पकडता येत नाहीत. त्यामुळे चाचणीसाठी ५० ते ६० हर्ट्‌झचा अखंड स्वर, मध्यम आवाजात आणि काही सेकंदच वाजवावा.

१. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीचा दाब मोजावा. तो १२.२ व्होल्ट असेल, तर बॅटरी सुमारे निम्मीच चार्ज झाली आहे असे समजावे.

२. इंजिन सुरू करून दिवे, ब्लोअर आणि ध्वनियंत्रणा चालू करावी. दाब १३ व्होल्टखाली गेला, पण इंजिनाचा वेग २००० फेऱ्यांवर नेताच सावरला, तर मंद गतीवर मिळणारी वीज अपुरी आहे. वेग वाढवूनही तो सावरला नाही, तर बेल्ट घसरत आहे काय, अल्टरनेटरमधील रेग्युलेटर वा डायोड बिघडला आहे काय, हे तपासून घ्यावे.

३. हाच भार चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व गाडीच्या सांगाड्याचा स्वच्छ धातू, तसेच अल्टरनेटरचे धन टोक व बॅटरीचे धन टोक यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आढळल्यास केबल किंवा जोड सदोष आहे.

अलीकडील अनेक मोटारींत संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीत एखाद्या कमी आकड्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

उपायांचा क्रम

पहिला उपाय बिनखर्ची आहे. बेस बूस्ट ६ डेसिबलने वाढविला, की त्या स्वरांसाठी चौपट वीज लागते. बूस्ट शून्यावर आणून ॲम्प्लिफायरचा गेन आवाज फाटणार नाही इतपत ठेवल्यास अनेकदा तक्रार तेथेच संपते.

दुसरा उपाय अर्थिंगचा. बॅटरीपासून सांगाड्यापर्यंतची केबल ॲम्प्लिफायर व हेडलाइट या दोघांचाही परतीचा मार्ग असते. तिचा जोड गंजला असेल, तर ॲम्प्लिफायरचा भार थेट दिव्यांवर दिसतो. जोडाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातूवर लग घट्ट बसवावा. बॅटरीच्या टोकांवरील पांढरट थरही साफ करावा.

तिसरा उपाय जाड केबलचा. अल्टरनेटर ते बॅटरीचे धन टोक, बॅटरीचे ऋण टोक ते सांगाडा आणि इंजिन ते सांगाडा या तीन मूळ केबलना समांतर अशा जाड तांब्याच्या केबल जोडतात. ॲम्प्लिफायरची मुख्य वायरही बॅटरीवरूनच यावी. फ्यूजबॉक्समधून फाटा काढू नये. पाच मीटर लांबीच्या, ८ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ५० अँपिअर प्रवाह गेल्यास सुमारे ०.५५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हे प्रमाण ०.१८ व्होल्टपर्यंत उतरते. स्वस्त संचांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. तिची वाहकता तांब्यापेक्षा बरीच कमी असल्याने खरेदी करताना तार कापून आतील रंग पाहावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर जुनी बॅटरी बदलणे आणि अखेरीस अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसविणे हे मार्ग उरतात. दुसरी बॅटरी इंजिन बंद असताना उपयोगी पडते. परंतु तिला चार्ज करण्याचे कामही त्याच अपुऱ्या अल्टरनेटरला करावे लागते.

कपॅसिटरचा गैरसमज

या तक्रारीवर दुकानदार बहुधा एक फॅरडचा कपॅसिटर सुचवितात. दाब १४.४ वरून १२.५ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून सुमारे २५ ज्यूल ऊर्जा मिळते. १००० वॅटच्या मागणीला ती सेकंदाचा चाळिसावा भागच पुरते. दिव्यांची किंचित थरथर कपॅसिटरने कमी होऊ शकते. मात्र तो वीज निर्माण करीत नसल्याने मूळ तुटवडा भरून निघत नाही.

दिव्यांसाठी रिले

संगीत बंद असतानाही दिवे पिवळट दिसत असतील, तर बॅटरीवरील व बल्बच्या टोकांवरील दाबाची तुलना करावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असल्यास दोष दिव्यांच्या वायरिंगमध्ये आहे. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सारा प्रवाह स्विचमधून जातो. तेथे रिले व फ्यूज असलेले तयार वायरिंग बसविल्यास प्रकाश स्पष्टपणे वाढतो. जादा वॅटचे बल्ब लावणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यामुळे भार वाढतो, होल्डर वितळण्याची भीती असते आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात.

सुरक्षिततेची पथ्ये

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे आणि काम संपल्यावर ते शेवटी जोडावे. ॲम्प्लिफायरच्या धन वायरीवर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. बॉनेटखालून आत येताना वायर पत्र्याच्या छिद्रातून जाते. तेथे रबरी ग्रोमेट नसेल, तर आवरण घासून शॉर्ट सर्किट होते व गाडी पेट घेऊ शकते. ऋण टोकावर सेन्सर असलेल्या गाड्यांत ॲम्प्लिफायरचे अर्थिंग त्या टोकाला न जोडता सांगाड्याला जोडावे. अन्यथा संगणकाला बॅटरीची चुकीची माहिती मिळते. मूळ वायर कापल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती होईपर्यंत रात्रीच्या प्रवासात आवाज कमी ठेवणे, हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.