डॉक्टर व्हायचंय? मग अकरावीतच व्हॅलिडिटीच्या मागे लागा

साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारुड हे भिल्ल समाजातले. मुंबईत केईएमला एमबीबीएस केलं, पुढे आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. आता तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय मेडिकल कॉलेज आहे.

राज्य कोट्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा राखीव आहेत. नीटची पात्रता खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, या गटाला ४०. पात्र झालं म्हणजे सीट मिळाली असं मात्र नाही, मेरिट लागतंच.

खरं घोडं अडतं ते कागदावर. प्रांताचा जातीचा दाखला पुरत नाही, जमात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी लागते. प्रस्ताव कॉलेजमार्फत तपासणी समितीकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. पावरा, भिल्ल, तडवी घरांत आजोबा शाळेतच गेलेले नसतात, मग जुना दाखला आणायचा कुठून? तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तीही जोडा, मोठा आधार होतो.

खर्चाचं म्हणाल तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो. आदिवासी वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवण-राहण्याचे पैसे थेट खात्यावर येतात. चौकशी जळगाव जिल्ह्यातल्यांनी यावलच्या, धुळ्यातल्यांनी धुळ्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात करावी. जाताना आधार लिंक असलेलं पासबुक सोबत ठेवा.