सायकलमार्ग नियोजन

सायकलमार्ग नियोजन : सायकलने निघालेल्या माणसाला घरापासून शाळा, कारखाना, मंडई किंवा बस थांब्यापर्यंत जीव मुठीत न धरता पोचता यावे, यासाठी शहरातील रस्त्यांची केलेली आखणी. चालणे आणि सायकल चालवणे या अंगबळावर होणाऱ्या प्रवासाला सक्रिय वाहतूक म्हणतात. वेगळी मार्गिका बांधणे हा या नियोजनाचा एक भाग आहे. गल्ल्यांतील वाहनांचा वेग कमी करणे, चौकांची रचना बदलणे, सायकल लावण्यासाठी जागा राखणे आणि पदपथ मोकळे ठेवणे हीही त्याचीच अंगे होत.

या विषयातील सर्वांत बोलका अनुभव नेदरलँड्सचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारी वाढत गेल्या आणि सायकल मागे पडत गेली. १९७१ मध्ये रस्ते अपघातांत ३,२०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पुढच्याच वर्षी पालकांनी ‘स्टॉप द किंडरमोर्ड’ (मुलांच्या हत्या थांबवा) हे आंदोलन उभारले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही जाग आली. हेग आणि तिलबर्ग या शहरांत सरकारी पैशातून एकेक उत्तम सायकलमार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. शहरातील एकूण सायकलवापर मात्र फारसा हलला नाही. १९८० च्या दशकात डेल्फ्टने निराळी वाट धरली. मोठे मार्ग, वस्तीतील रस्ते, पूल, बोगदे असे सगळे एकमेकांना जोडत त्याने पुरे जाळे विणले, आणि तेथे वापर वाढला. सलगता हा डच नियोजनाचा पहिला निकष मानला जातो, त्यामागे हा अनुभव आहे. थेटपणा, सुरक्षितता, सोय आणि आकर्षकता हे उरलेले चार निकष.

आखणी : वाहनांचा वेग आणि संख्या पाहून मार्गाचा प्रकार ठरतो. ताशी ५० किमी. वेगाच्या वाहनात ताशी ३० किमी.च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट गतिज ऊर्जा असते. म्हणून मोठ्या रस्त्यावर सायकलसाठी उंचवट्याने किंवा दुभाजकाने वेगळी केलेली मार्गिका लागते. नुसता रंगाचा पट्टा तेथे कोणाला वाचवत नाही, त्यावर रिक्षा आणि मोटारी उभ्या राहतात. वस्तीतील रस्त्यावर वेग ताशी ३० किमी.च्या आत राखला, तर सायकल आणि इतर वाहने एकत्र चालू शकतात. एकेरी मार्गिका दोन मीटर रुंद असली, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येते.

खरी कसोटी चौकात लागते. डावीकडे वळणारा टेम्पो आणि सरळ जाणारी सायकल यांची गाठ तेथेच पडते आणि बहुतेक मार्गिका नेमक्या तेथेच संपतात. वळणाची त्रिज्या लहान ठेवणे, सायकलसाठी थांबण्याची रेषा पुढे घेणे, मार्गिका रंगीत पट्ट्याने चौकापार नेणे हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांनी जीव वाचतात. बस थांब्यामागून मार्गिका वळवली, तर चढणारे-उतरणारे प्रवासी आणि सायकलस्वार यांची टक्कर टळते. पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने समांतर असतील, तर त्यांत चाक अडकते. त्या आडव्या हव्यात. पेव्हर ब्लॉकपेक्षा सलग डांबर किंवा काँक्रीट चांगले. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांवरच मार्ग वापरला जाणार की ओस पडणार हे ठरते.

पुणे : एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे स्कूटर आणि मोटारसायकलींचे झाले. पेठांतील अंतरे सायकलच्या आवाक्यातली होती. शहर हडपसर, कात्रज, वाकडपर्यंत पसरले आणि अंतरांबरोबर रस्त्यांवरील वेगही वाढला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेला, मार्ग सुरू झाला. त्याच्या कडेने सायकलमार्गही आखलेले होते, पण झाडे, विजेचे खांब, वीजवितरणाच्या पेट्या (डीपी) आणि दुकानांपुढच्या पार्किंगने ते जागोजागी तुटले. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८०० किमी.चे जाळे कल्पिले आहे. त्याच सुमारास ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यांवर आल्या. तरुणांनी त्या हौसेने चालवल्या, पण दोन-तीन वर्षांतच त्या योजना ओसरल्या. सुरक्षित रस्ता नसताना नुसती सायकल पुरवून भागत नाही, हे त्यातून दिसले.

चालणाऱ्यांच्या बाबतीत काही कामे टिकाऊ झाली. जंगली महाराज रस्त्यावरील रुंद पदपथ आज लोक बसण्या-फिरण्यासाठीही वापरतात. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. राज्यातील अन्य शहरांपैकी नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांची केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत देशातील अकरा शहरांमध्ये निवड झाली होती.

वापरणारे कोण : आराखड्यांच्या चित्रांत हेल्मेट घातलेला, रविवारी सिंहगडाकडे निघालेला हौशी स्वार दिसतो. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, हँडलला डबा अडकवून साइटवर जाणारा गवंडी हे रोजचे सायकलस्वार त्यात क्वचितच असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शेतीबाह्य कामगारांपैकी सुमारे १३ टक्के कामावर सायकलने जात होते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. त्या मुलींचा रस्ता मात्र बहुधा ट्रक-डंपरांबरोबरच असतो. मार्ग कोठून न्यायचा हे या लोकांच्या रोजच्या वाटा मोजून ठरवले पाहिजे. नदीकाठचा देखणा मार्ग फिरायला उत्तम, पण कारखान्याच्या फाटकापर्यंतचा दोन किलोमीटरचा तुकडा त्याहून निकडीचा आहे. एखाद्या मार्गावर दहा वर्षांच्या मुलीला एकटीने पाठवायला आई-वडील तयार होतात का, हा त्याच्या सुरक्षिततेचा विश्वासार्ह निकष होय.

लोकसहभाग : पुण्यात २००६-०७ पासून सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आहे. या पद्धतीनुसार नागरिक आपल्या क्षेत्रीय कार्यालयात ठरलेल्या नमुन्यात अर्ज भरून परिसरातील छोटी कामे सुचवू शकतात. मार्गिकेतला तुटलेला तुकडा, चुकीच्या दिशेने बसवलेली जाळी, शाळेबाहेर नसलेले सायकल स्टँड ही त्यात बसण्याजोगी कामे आहेत.