चंदन तेल निष्कर्षण

चंदन तेल निष्कर्षण : चंदनाच्या लाकडातून व मुळांतून सुगंधी बाष्पनशील तेल वेगळे काढण्याची क्रिया. भारतीय चंदनाचे शास्त्रीय नाव सँटॅलम आल्बम असे आहे. त्याचे बाहेरील पांढरे रसकाष्ठ गंधहीन असते. तेल असते ते आतील पिवळसर तपकिरी अंतःकाष्ठात, व सर्वांत अधिक मुळांत. म्हणून चंदनाचे झाड तोडीत नाहीत, मुळांसकट उपटतात. अंतःकाष्ठ पुरेसे भरण्यास सु. ३० वर्षे लागतात. तेल काढण्याच्या पद्धतीत होणारा लहानसा तोटादेखील त्यामुळे मोठा ठरतो.

सहाणेवर खोड उगाळून गंध करण्याची रीत फार जुनी आहे. कनौज येथील अत्तरे भट्टीवरील देगेत फुले शिजवून व त्यांची वाफ भपक्यातील चंदन तेलात उतरवून केली जात. तेल महाग झाल्यावर अनेकांनी त्याऐवजी द्रव पॅराफीन वापरण्यास सुरुवात केली.

म्हैसूर संस्थानात चंदनाचा वृक्ष सरकारी मालकीचा मानला जाई. ही व्यवस्था टिपू सुलतानाने १७९२ मध्ये घालून दिली असे सांगतात. तथापि संस्थान विकत असे ते लाकूड; तेल मुख्यत्वे जर्मनीत निघे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच हे गिऱ्हाईक तुटले व लाकूड पडून राहिले. दिवाण विश्वेश्वरय्या आणि उद्योग खात्याचे संचालक ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी तेल संस्थानातच काढण्याचे ठरविले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले. १९१६ मध्ये बंगलोरला व १९१७ मध्ये म्हैसूरला कारखाना सुरू झाला. त्या काळी या तेलाला सुगंधाइतकीच परम्यावरील औषध म्हणूनही मागणी होती. सल्फा औषधे व पेनिसिलीन आल्यावर ती संपली.

या कारखान्यांतील पद्धत बाष्प-ऊर्ध्वपातनाची होय. लाकडाच्या भुकटीतून वाफ सोडतात. वाफेबरोबर आलेले तेल थंड करून पाण्यापासून वेगळे करतात. तेलातील मुख्य घटक आल्फा व बीटा सँटॅलॉल यांचे उकळबिंदू ३००° से.च्या आसपास असल्याने ते वाफेबरोबर सावकाश येतात. एक भरण पुरे होण्यास दोन-तीन दिवस, कधी अधिकही लागतात. इंधन बरेच जळते, आणि इतका वेळ उष्णता लागल्याने तेलाच्या वासात किंचित फरक पडतो.

यावरील उपायाची बीजे मात्र अगदी वेगळ्या संशोधनात आहेत. टॉमस अँड्रूझ यांनी १८६९ मध्ये दाखविले की, सु. ३१° से.च्या वर कार्बन डाय-ऑक्साइड वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. हे त्याचे क्रांतिक तापमान. क्रांतिक दाब सु. ७३ वातावरण आहे. या दोहोंच्या पलीकडे तो द्रवासारखा दाट, पण वायूसारखा सहज शिरकाव करणारा असतो. अशा अवस्थेतील द्रायूंत घन पदार्थ विरघळतात हे हॅने व हॉगार्थ यांनी १८७९ मध्ये मद्यार्कावरील प्रयोगांत पाहिले. परंतु जवळजवळ ऐंशी वर्षे त्याचा औद्योगिक उपयोग झाला नाही. जर्मनीतील कुर्ट झोझेल यांनी १९६० नंतर या गुणाचा पृथक्करणासाठी उपयोग केला. कॉफीतील कॅफीन काढण्याचे कारखाने प्रथम निघाले, मग हॉप, मसाले व सुगंधी द्रव्ये यांचा क्रम लागला.

चंदनासाठी भुकटी जाड पोलादी पात्रात भरतात व ४०° ते ६०° से. तापमानात, शंभरहून अधिक वातावरण दाबाचा कार्बन डाय-ऑक्साइड तीतून फिरवितात. पुढील पात्रात दाब उतरविला की वायूची विद्रावकशक्ती नाहीशी होते, तेल खाली बसते व वायू पुन्हा दाबून वापरता येतो. काम दिवसांऐवजी काही तासांत उरकते. हेक्झेनासारख्या विद्रावकाचा अंश मागे राहण्याची भीती येथे नसते. अडचण भांडवलाची : उच्च दाबाची पात्रे व पंप लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

या पद्धतीने तेलाचा उतारा अधिक मिळतो हा दावा तपासूनच घ्यावा लागतो. दाब वाढविला की लाकडातील मेणासारखे जड घटकही उतरतात आणि वजन वाढते. तुलना करावयाची ती सँटॅलॉलाची. नावाचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार चंदनाचे बाष्पनशील तेल म्हणजे ऊर्ध्वपातित तेल. कार्बन डाय-ऑक्साइडाने काढलेल्या द्रव्याला अर्क म्हणावयाचे. त्याचा वास मूळ लाकडाच्या अधिक जवळचा असला, तरी औषधिकोश व व्यापार यांतील जुनी प्रमाणे त्याला तशीच लागू पडत नाहीत.

झाडांच्या तुटवड्यावर मात्र कोणत्याही यंत्राचा उपाय नाही. १८९९ मध्ये कूर्गात नोंदला गेलेला स्पाइक रोग व चोरटी तोड यांनी दक्षिणेतील चंदनवने विरळ झाली. खाजगी जमिनीतील झाडही सरकारचेच असल्याने शेतकरी ते लावीत नसत. कर्नाटकाने २००१ मध्ये व तमिळनाडूने २००२ मध्ये कायदे बदलून मालकी जमीनधारकास दिली. दरम्यान पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑर्ड नदीच्या खोऱ्यात भारतीय चंदनाची मोठी लागवड झाली आहे.

तेल काढल्यावर उरलेली भुकटी उदबत्तीच्या धंद्यात जाते. वाफेने भिजलेली भुकटी आधी वाळवावी लागते. नव्या पद्धतीतील भुकटी कोरडीच बाहेर पडते.