चंद्रकला (पिंजरा)

चंद्रकला ही व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘पिंजरा’ (१९७२) या मराठी चित्रपटाची नायिका आहे. संध्या यांनी साकारलेली ही तमासगीर तरुणी मराठी चित्रपटातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या स्त्री-व्यक्तिरेखांपैकी एक मानली जाते. चित्रपटाची कथा अनंत माने यांची असून संवाद शंकर पाटील यांचे आहेत. जगदीश खेबुडकर यांच्या गीतांना राम कदम यांनी संगीत दिले आणि चंद्रकलेच्या लावण्या उषा मंगेशकर यांनी गायिल्या.

कथानकातील स्थान

ध्येयवादी शिक्षक श्रीधरपंत (डॉ. श्रीराम लागू) यांनी आदर्श बनविलेल्या गावात चंद्रकलेचा फड येतो. तमाशाने गाव बिघडेल या भीतीने मास्तर फडाला गावाबाहेर काढतात. अपमानित चंद्रकला प्रतिज्ञा करते की, याच मास्तराच्या हाती तुणतुणे देऊन त्याला फडावर उभे करीन. नदीपलीकडे मुक्काम ठोकून ती त्यांना मोहात पाडते. येथवर तिचे शृंगारिक आव्हान हे निव्वळ सूडाचे साधन असते. मात्र मास्तर खरोखरच ढळतात तेव्हा जिंकल्याचा आनंद तिला लाभत नाही. ज्याला खाली खेचायचे त्याच्यावरच तिचे मन जडलेले असते.

पुढे एका खुनाच्या घटनेत सापडलेला मृतदेह मास्तरांचाच आहे, असा गावाचा समज होतो. गावाच्या मनातील आपली प्रतिमा मलिन होऊ नये म्हणून मास्तर हा समज दूर न करता फडाबरोबर निघून जातात. गाव त्यांचा पुतळा उभारते. जिवंत मास्तर मात्र फडात हरकाम्याचे जिणे जगतात. अखेरीस त्यांना स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जाते. सत्य सांगण्यासाठी न्यायालयात आलेल्या चंद्रकलेची वाचा ऐनवेळी जाते.

अर्थ आणि मतभेद

चंद्रकलेला केवळ ‘सज्जनाला बिघडविणारी बाई’ मानणारे वाचन प्रचलित आहे. चित्रपटाचे शीर्षकही मास्तरांच्या बंदिवासाकडेच निर्देश करते, असे समजले जाते. हे वाचन अपुरे आहे. मास्तरांची वासना सुप्त होती, ती चंद्रकलेने निर्माण केली नाही. शिवाय उत्तरार्धात प्रेमाची कबुली देण्यास तिला जागाच उरत नाही. गावाच्या लेखी ती कलंक, फडाच्या लेखी मिळकत आणि मास्तरांच्या लेखी स्वतःच्या अधःपाताची खूण. तिचे प्रेम असे तिन्ही बाजूंनी चुकीचे वाचले जाते. वाचा जाण्याचा प्रसंग काहीसा नाटकी वाटला, तरी या दृष्टीने पाहता तो अर्थपूर्ण ठरतो.

कथेचे बीज हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या जर्मन कादंबरीत आणि तिच्यावरील ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या चित्रपटात आहे. त्यातील मार्लीन डीट्रिशची लोला शेवटपर्यंत बेफिकीर राहते. प्राध्यापकाच्या नाशाचे तिला सोयरसुतक नसते. चंद्रकला पश्चात्ताप करते. हा बदल मूळ कथेहून सौम्य आहे, पण त्यामुळेच ‘पिंजरा’ अनुकरण न राहता स्वतंत्र कृती बनते. शिक्षकाला गावात मिळणारा मान आणि तमासगीर स्त्रीकडे पाहण्याची दुटप्पी दृष्टी, या दोन्ही गोष्टी मराठी समाजाच्या ओळखीच्या होत्या. खानदेशात सारंगखेड्यासारख्या यात्रांतून तमाशाचे तंबू लागतात. रात्री खेळाला गर्दी करणारे आणि सकाळी नाक मुरडणारे प्रेक्षक तेथेही अपरिचित नाहीत.

अभिनय

संध्या यांनी यापूर्वी ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांत नृत्यप्रधान भूमिका केल्या होत्या. येथे त्यांच्या ठसठशीत, किंचित अतिशयोक्त शैलीवर टीकाही झाली. फडावरील बाईच्या तोऱ्याला मात्र ती शोभून दिसते. लागूंच्या संयत अभिनयाशी होणारा तिचा विरोध परिणामकारक आहे. नीळू फुले आणि वत्सला देशमुख यांच्याही भूमिका चित्रपटात आहेत.

‘पिंजरा’ला १९७२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.