लग्नघरातून स्वागतकक्षात

मीरा-भाईंदर आणि डहाणू-तलासरी २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा या पट्ट्यातील एखाद्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर वारली तारपानृत्य दिसले, तर नवल वाटू नये. मात्र ही मुळात सजावट नव्हे. लग्नघरात शेणगेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहीत’. मधोमध पालघट देवी, सोबत धवलेरीचे गाणे. चौकाविना लग्न लागत नसे. लिहिणारीचे नाव कोणी विचारीत नसे, कारण ते चित्र तिचे एकटीचे नव्हतेच.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे या पुरुषाच्या हातून ते जगभर गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (सवाशिणी मात्र मागेच राहिल्या.) आता कागदावरून ते पुन्हा भिंतीवर आले आहे, पण व्हायनिलवर छापून. देवी वगळली गेली, हे माझ्या मते योग्यच. कचेरीत तिला कोणते लग्न लावायचे? खटकते ते वेगळेच. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी अशा भिंतीच्या कोपऱ्यात सही दिसते ती बहुधा सजावटकाराची.