बंदूक खाली ठेवल्यानंतर

इश्माएल बिआ यांचे आत्मकथन २००७ साली प्रसिद्ध झाले आणि सिएरा लिओन जगभरच्या वाचकांना बालसैनिकांचा देश म्हणून ठाऊक झाला. २०१४ साली आलेल्या त्यांच्याच ‘रेडिअन्स ऑफ टुमॉरो’ या कादंबरीची चर्चा त्या मानाने थोडी. युद्धानंतर गावी परतलेली माणसे, पगार रखडलेले शिक्षक आणि अखेर त्यांनी धरलेली खाणीची वाट, हा तिचा विषय. आम्हांस मात्र युद्धाचा अर्थ या दुसऱ्या पुस्तकाच्या अंगाने अधिक उलगडतो असे वाटते.

मार्च १९९१ मध्ये सुरू झालेले हे यादवी युद्ध जानेवारी २००२ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. हिऱ्यांनी ते पोसले हे खरे. पण त्याचे मूळ हिऱ्यांतच शोधणे आम्हांस अपुरे वाटते. पॉल रिचर्ड्ससारख्या अभ्यासकांनी खेड्यांतील तरुणांकडे लक्ष वेधले. जमीन वडीलधाऱ्यांच्या हाती, मुखियांची वेठ डोक्यावर, आणि त्यांच्या न्यायसभांत, बहुधा स्त्रीसंबंधांवरून, ठोठावलेले न झेपणारे दंड. ते फेडण्यापेक्षा गाव सोडणे बरे, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. असा परागंदा तरुण खाणीत जाई, नाहीतर बंदूक हाती घेई.

शांततेनंतर ७२,००० हून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत जवळपास ७,००० मुले होती. त्यांना सुतारकाम, शिवण, गवंडीकाम, साबण बनवणे असे काही महिन्यांचे शिक्षण आणि हत्यारांची पेटी देण्यात आली. योजनेचा हेतू चांगला होता. पण जळालेल्या गावात खुर्ची विकत घेणार कोण? कित्येकांनी पेट्या विकून टाकल्या. ज्या परिस्थितीतून युद्ध पेटले तिच्यातील बरेच काही तसेच आहे, असे सत्य व सलोखा आयोगाने २००४ साली बजावले ते उगाच नव्हे.

खरा रोजगार उभा राहिला तो कोणत्याही योजनेत नसलेल्या धंद्यातून. युद्धात मोटारी नष्ट झाल्या होत्या, रस्ते उखडले होते. बो, केनेमा, माकेनी या गावांत तरुण मोटारसायकलीवरून भाड्याने माणसे नेऊ लागले. या वाहनाला ‘ओकाडा’ म्हणतात. शब्द नायजेरियाचा, तोही एका विमानकंपनीच्या नावावरून आलेला. खड्ड्यांतून जाणाऱ्या दुचाकीला विमानाचे नाव देणाऱ्या विनोदबुद्धीला दाद द्यावी! दुचाकी बहुधा दुसऱ्याच्या मालकीची. मालकाला ठरलेली रक्कम पोचवून उरेल ते चालकाचे. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे या धंद्यात एका संघटनेचे सभासद झाले, पोलिसांच्या चिरीमिरीविरुद्ध एकत्र उभे राहिले. शेतावरची वेठ आणि हा करार यांत आम्हांस मूलभूत फरक दिसतो: येथे देणे आधी ठरलेले असते, आणि ते चुकते केल्यावर कोणाचे मिंधेपण उरत नाही.

सरकारी आकडे याच काळात वेगळीच कथा सांगत होते. लोहखनिजाच्या जोरावर २०१३ साली अर्थव्यवस्था सुमारे २० टक्क्यांनी वाढली. खनिजाचे भाव कोसळले, इबोलाची साथ आली, आणि २०१५ साली ती जवळपास तेवढीच आकसली. यंत्रांनी चालणाऱ्या खाणींना माणसे लागतातच किती! भरभराटीच्या त्याच २०१३ साली फ्रीटाऊनच्या मध्यवस्तीत ओकाडांना बंदी झाली. अपघात आणि बेशिस्त ही कारणे देण्यात आली, आणि ती खोटी नव्हती. चालकांनी मात्र एवढेच विचारले, की मग आम्ही करायचे काय?